दादासाहेब फाळके यांचा कलाविचार आणि वाटाण्याचे रोप

दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांचा विचार प्रामुख्याने 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाच्या अनुषंगाने केला जातो. त्यापूर्वीचा हौशी प्रयोगकर्ता मात्र समीक्षेत काहीसा उपेक्षित राहिला आहे. १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या बीजाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन चित्रित केली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली.

हा प्रयोग भांडवल मिळवण्यासाठी होता, हे नाकारता येत नाही. म्हणून त्याला निव्वळ जाहिरात म्हणावे काय? तसे म्हणणे अपुरे ठरेल. पैसा देणाऱ्याची खात्री पटण्यास कोणतेही हलते दृश्य पुरले असते. फाळके यांनी मात्र डोळ्यांना एरवी न दिसणारी हालचाल निवडली. या निवडीतच त्यांची कलादृष्टी दिसून येते.

'नवयुग' मासिकातील लेखमालेत (१९१७-१८) चित्रकला, छायाचित्रण, नाट्य, जादू इत्यादी विद्यांचे ज्ञान आपल्याला उपयोगी पडल्याचे फाळके नमूद करतात. ही यादी वाचून चित्रनिर्मिती म्हणजे केवळ कौशल्यांची बेरीज असा समज होऊ शकतो. वाटाण्याचे रोप तो दूर करते. फिल्मवर पुढील चौकट टिपण्यापूर्वी थांबणे, हेही निर्मितीचेच अंग होय.

सोनईसारख्या ग्रामीण परिसरातील विद्यार्थ्याच्या हाती आज कॅमेरा सहज आला आहे आणि शेतातील अंकुरही त्याच्या समोर आहे. यंत्र शिकवण्याआधी त्याला थांबून पाहण्याची सवय लावणे, ही अध्यापकाची जबाबदारी ठरते.