लादी वितळल्यावर

1997 साली फ्रान्सिस आलिसने मेक्सिको सिटीच्या रस्त्यांतून बर्फाची लादी ढकलत नेली. नऊ तासांहून अधिक वेळ. सुरुवातीला कमरेत वाकून, दोन्ही हातांनी रेटा देत. शेवटी उरलेला चिमुकला तुकडा बुटाच्या टोकाने उडवत. मग रस्त्यावर ओला डाग, आणि थोड्या वेळाने तोही नाही. आज आपण पाहतो ती पाचेक मिनिटांची फिल्म. पाठीला लागलेली रग, दुपारचा कंटाळा तिच्यात उतरत नाही. माझ्या मते त्या कृतीचा जीव त्या कंटाळ्यातच होता.

बर्फाचं हे वेड जुनं. ॲलन काप्रोने 1967 मध्ये लॉस एंजेलिस-पॅसाडेना परिसरात ठिकठिकाणी लाद्या रचून भिंती उभ्या करवल्या आणि तशाच वितळू दिल्या. 1983 च्या हिवाळ्यात डेव्हिड हॅमन्स न्यूयॉर्कच्या फुटपाथवर लहानमोठे बर्फाचे गोळे मांडून विकायला बसला. ती बाजाराची थट्टा होती. बाजाराला थट्टाही पचते. गोळे गेले, फोटो राहिले.

म्हणूनच नाशवंत वस्तू दिसली की मी हल्ली जरा सावध होतो. माती, पीठ, हळद अंगाला फासली की काळाबद्दल बोलून झालं, असा समज पसरलाय. सामग्री का नासते आहे, याचं उत्तर कृतीतच मिळायला हवं. रुम्माना हुसेन यांनी 1995 मध्ये मुंबईच्या एनसीपीएत ते दिलं होतं. पायात घुंगरू, हातात अर्धी चिरलेली पपई, तोंड किंकाळी फोडावी तसं उघडं, पण आवाज नाही. चिरलेली पपई फार वेळ ताजी राहत नाही. बाबरीनंतरच्या त्या वर्षांत उघड्या पडलेल्या देहाला तिच्याइतकी नेमकी वस्तू दुसरी सुचत नाही. 1999 मध्ये हुसेन गेल्या.

निखिल चोप्रा यांची वाट वेगळी. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात नऊ दिवस मुक्काम ठोकून त्यांनी भल्यामोठ्या कापडावर चित्र काढलं. गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेससह त्यांनी आखलेल्या, डिसेंबर 2025 मध्ये उघडलेल्या कोची बिनालेचं नावच ‘फॉर द टाइम बीइंग’, म्हणजे ‘तूर्तास’. ‘तूर्तास’ला आता बिनालेचं छप्पर मिळालं, त्याखाली त्याची धार किती टिकते ते पाहायचं.

काळ हीच सामग्री मानून तेहचिंग शेहइतकं काम कुणी केलेलं नाही. एप्रिल 1980 पासून वर्षभर, न्यूयॉर्कमधल्या राहत्या जागेत, दर तासाला कामगारासारखं कार्ड पंच करायचं आणि घड्याळाशेजारी उभं राहून फिल्मची एक फ्रेम घ्यायची. आरंभी डोकं भादरलेलं. सहाएक मिनिटांच्या फिल्ममध्ये केस खांद्यांकडे वाढत जातात. त्या काळात तो अमेरिकेत कागदपत्रांविना राहत होता. वर्षाचे 8,760 तास. त्यांतले 133 पंच चुकले. न चुकलेल्या पंचांइतकीच चुकलेल्यांची नोंद त्याने चोख ठेवली आहे: 29 उशिरा, 10 वेळेआधी आणि 94 वेळा झोप लागली म्हणून.