'सिकारिओ' : कृती आणि सही

गुन्हेपटाच्या रूढ संकेतव्यवस्थेत तपास करणारे पात्र हे प्रेक्षकाच्या ज्ञानाचे वाहन असते. त्याला जे उमगते तेच प्रेक्षकाला उमगते, आणि अखेरीस सत्याची उकल व न्यायाची प्रस्थापना ही एकाच क्षणी घडते. देनी व्हिलनव्ह दिग्दर्शित 'सिकारिओ' (२०१५) हा अमेरिका-मेक्सिको सीमेवरील अमली पदार्थांच्या टोळ्यांविषयीचा चित्रपट हा संकेत स्वीकारतो, तो त्याला आतून पोखरण्यासाठी. एफबीआयची केट मेसर (एमिली ब्लंट) ही या चित्रपटाचे दृष्टिकेंद्र आहे. परंतु तिला जसजसे कळत जाते, तसतशी तिची कृती करण्याची शक्यता आटत जाते.

केट निष्क्रिय आहे, कथानक तिच्यामुळे पुढे सरकत नाही, हा आक्षेप अनेकदा घेतला जातो. वर्णन म्हणून तो खरा आहे, दोषदिग्दर्शन म्हणून नाही. टेलर शेरिडन यांच्या पटकथेतील मर्मस्थान असे, की सीआयएला देशांतर्गत कारवाईसाठी एखाद्या अंतर्गत यंत्रणेचा माणूस सोबत हवा असतो आणि केट हा असा 'माणूस' आहे. तिची कर्तबगारी नव्हे, तिची उपस्थिती हवी आहे. शेवटी हनुवटीखाली पिस्तूल टेकवून अलेहांद्रो (बेनिसिओ देल तोरो) तिच्याकडून सर्व काही नियमानुसार घडल्याच्या कागदावर सही घेतो. कायदा येथे उल्लंघिला जात नाही. तो वापरला जातो, आणि हे अधिक भयावह आहे.

रॉजर डीकिन्स यांचे छायाचित्रण या शक्तिहीनतेला दृश्यरूप देते. सिउदाद हुआरेजमध्ये शिरणारा वाहनांचा ताफा आकाशातून दिसतो, तेव्हा सीमा ही राजकीय रेषा न राहता भूपृष्ठावरील ओरखडा भासू लागते. पुलाला टांगलेली प्रेते केटला धावत्या गाडीच्या काचेतून दिसतात. थांबून पाहण्याची मुभा तिला नाही. परतताना सीमेवरच्या पुलावर वाहने खोळंबतात, आणि दिग्दर्शक गोळीबारापेक्षा त्याआधीच्या प्रतीक्षेला अधिक अवधी देतो. गोळीबार काही क्षणांत उरकतो. योहान योहानसन यांचे खर्जातील संगीत हिंसेवर भाष्य न करता तिची पूर्वसूचना देत राहते. येथवर चित्रपटाचा संयम निर्दोष आहे.

भुयाराच्या प्रसंगानंतर मात्र दृष्टिकेंद्र हलते. केटला बाजूला सारून कॅमेरा अलेहांद्रोबरोबर टोळीप्रमुख अलार्कोनच्या घरापर्यंत जातो. जेवणाच्या टेबलावर मुले आणि पत्नी यांची हत्या होते, ती अलेहांद्रोच्या पत्नी व मुलीच्या हत्येची परतफेड म्हणून. ज्या चित्रपटाने प्रेक्षकाला कृतीचे समाधान नाकारले होते, तोच आता सूडकथेचे जुने समाधान त्याच्या पदरात टाकतो. आरंभीची अक्षरे 'सिकारिओ' या शब्दाचा संबंध रोमन आक्रमकांना मारणाऱ्या जेरुसलेममधील झेलटांशी जोडतात. पण अलेहांद्रो साम्राज्याविरुद्ध लढत नाही, त्याच्या पदरी आहे. हा उपरोध चित्रपटाला पुरता पेलत नाही. २०१८ च्या उत्तरभागात केट नाही, अलेहांद्रो आहे, हे या संदर्भात बोलके आहे.

मेक्सिकोच्या प्रतिमेचा प्रश्नही येथेच उद्भवतो. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या 'ट्रॅफिक'मध्ये (२०००) मेक्सिको पिवळ्या छटेत बुडालेला असला, तरी तेथील पोलिसाला संपूर्ण कथासूत्र लाभले होते. 'सिकारिओ'तील हुआरेज बव्हंशी खिडकीतून पाहिलेले आहे. २०१० मध्ये त्या शहरात तीन हजारांहून अधिक खून झाले होते, हे खरेच. पण २०१५ पर्यंत ती संख्या पुष्कळ घटली होती, आणि चित्रपटावर बहिष्कार घालण्याचे महापौरांनी केलेले आवाहन केवळ स्थानिक अस्मितेचा उद्रेक म्हणून बाजूला सारता येत नाही.

याला एकच छेद आहे : सिल्व्हिओ हा सोनोरा राज्याचा पोलीस. त्याचे प्रसंग तुटक येतात, प्रयोजन बराच वेळ कळत नाही. मुलगा त्याला झोपेतून उठवतो, फुटबॉल खेळायला चल म्हणतो. हाच बाप पोलिसी गाडीतून कोकेन वाहतो. अलेहांद्रो त्याला काम संपताच गोळी घालतो. शेवटच्या दृश्यात तो मुलगा मैदानावर खेळत असतो. दुरून गोळीबाराचा आवाज येतो, खेळ थांबतो, सारे क्षणभर त्या दिशेला पाहतात आणि खेळ पुन्हा सुरू होतो. या दृश्यात केट नाही, अलेहांद्रोही नाही. दृष्टिकेंद्र प्रथमच त्या ठिकाणच्या माणसांकडे गेले आहे, तेही चित्रपट संपताना.