जाहीरनाम्याशेजारचा कागद

अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ च्या जुलैत फिलाडेल्फियात जॉन डनलॅपने छापला. त्यातली एक प्रत २००० साली लिलावात ८१ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. सर्व माणसे समान जन्मतात, असे सांगणारा तो मसुदा थॉमस जेफरसनचा. याच जेफरसनने १७६९ मध्ये 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये जाहिरात दिली होती : जोडे शिवणारा आपला गुलाम सँडी पळाला आहे, आणून देणाऱ्यास बक्षीस. सँडी हाती लागला. १७७३ मध्ये जेफरसनने त्याला विकून टाकले.

राष्ट्रजन्माचे कागद जमवणाऱ्यांना माझा सवाल आहे : ही जाहिरात तुम्ही जाहीरनाम्याशेजारी ठेवता काय? नसाल, तर तुमचा संग्रह म्हणजे धन्याचे दप्तर, इतिहास नव्हे. सँडीने आपला जाहीरनामा सात वर्षे आधीच पायांनी लिहिला होता.