सांगलीचा गणपती आणि रंगमंचावरचा गणपती

शहापूरच्या खडेबाजारातील जुन्या घरांना सांगली परकी नाही. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्याच अमलाखाली होते. त्यामुळे विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ (१८४३) या नाटकाकडे आम्ही काहीशा घरच्या नात्याने पाहतो.

या नाटकाची समीक्षा बहुधा दोन वाक्यांत आटोपते. पदे सूत्रधाराने म्हणावयाची, संवाद पात्रांनी ऐनवेळी जुळवावयाचे, राक्षसांनी आरडाओरडा करावयाचा; सबब प्रकार ओबडधोबड. हा निकाल आम्हांस एकतर्फी वाटतो. आरंभी गणपती येतो, मागून मयूरावर सरस्वती, मग कथा. आश्रयदाते चिंतामणराव आप्पासाहेब परम गणेशभक्त. सांगलीचे गणपतिमंदिर त्यांनीच उभारले. मंदिर आणि रंगमंच एकाच दरबाराच्या आश्रयाने वाढले, हे ध्यानी घेतल्यावाचून त्या रचनेचे मर्म कळत नाही.

युरोपातही असे घडले आहे. रोममधील बार्बेरिनी घराण्याचा पुरुष १६२३ साली आठवा अर्बन म्हणून पोप झाला. त्याच्या पुतण्यांच्या आश्रयाने १६३४ साली लांदीचे ‘सांत आलेसिओ’ हे संगीतनाट्य रंगले. विषय एका संताचा, संहिता रोस्पील्योसी या धर्माधिकाऱ्याची. तो १६६७ साली स्वतःच पोप झाला. स्त्रीभूमिका तेथेही पुरुषच करीत. १६४४ साली पोप वारला, आणि घराण्याला फ्रान्सचा आसरा शोधावा लागला.

चिंतामणराव १८५१ साली निवर्तले आणि भाव्यांचाही आश्रय तुटला. (वरिष्ठ बदलला की चालू प्रकरण दप्तरी दाखल होते, हे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले.) परंतु भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, १८५३ साली मुंबईस पोहोचले आणि तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांपुढे उभे राहिले. दरबार सुटला, गणपती मात्र रंगमंचावर राहिला.

आणखी एक गोष्ट. चिंतामणरावांना ही कल्पना सुचली ती १८४२ साली सांगलीत आलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून. आमच्या सीमाभागात हे ऋण मोठ्याने उच्चारले की काहींच्या कपाळावर आठी पडते. पडो. मराठी नाटकाचा उगम सांगताना कानडी खेळ वगळणे म्हणजे दस्तातील पहिले पान फाडणे होय. ‘सीतास्वयंवर’ झाले त्याच १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. सूत्रधाराच्या तोंडची पदे पुढे त्यांनी ‘शाकुंतला’त पात्रांच्या मुखी दिली.