हिरवळ कुणाच्या बापाची?

कॅरोलिन फिनी या काळ्या लेखिकेचं ‘ब्लॅक फेसेस, व्हाइट स्पेसेस’ (2014) वाचलं. काळ्या माणसाचं आणि अमेरिकेतल्या रानाचं नातं काय, हा त्याचा विषय. आपले पांढरपेशे प्रवासवर्णनकार तिकडची रानं बघून येतात. हरणं, अस्वलं, पानगळीचे रंग, सगळं लिहितात. तळ्याकाठी पाटी कुणाला हाकलायला लावली होती, ते लिहीत नाहीत. निसर्गाला जात नसते म्हणे! नसेल. फाटकाला असते.

फिनीचे आईबाप न्यूयॉर्कजवळ एका श्रीमंताच्या इस्टेटीवर राखणदार होते. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी ती जमीन सांभाळली. पुढं ती संरक्षित झाली, तेव्हा आभार मानले गेले ते नव्या मालकाचे. पुस्तकातला हा भाग मला सगळ्यात खरा वाटला. मासिकांतल्या रानावनाच्या फोटोंत काळे चेहरे किती, ही तिची मोजदाद कामाची आहे. पण तिथं भाषा विद्यापीठाची होते आणि राग गोठतो.

राग यावा असा इतिहास पडलेला आहे. 1948 साली डॅनव्हिल गावच्या मॅसिओ मार्टिन या काळ्या बँकवाल्याला व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन रिव्हर स्टेट पार्कमध्ये घेतलं नाही. त्यानं सरकारला कोर्टात खेचलं. सरकारनं काय करावं? फाटक उघडलं नाही. 1950 साली काळ्यांसाठी वेगळं रान उघडलं, नावातच ‘फॉर निग्रोज’! गावकुसाबाहेरचं रान म्हणा ना. शेजारच्या गोऱ्यांच्या पार्कशी ते एक झालं 1986 साली.

साउथ कॅरोलायनानं तर कमाल केली. 1963 साली कोर्टानं सगळ्यांना आत घ्या म्हणून सांगितलं, तर राज्यातली सगळी स्टेट पार्कं बंद. आम्हालाही नको, तुम्हालाही नको. 1964 साली उघडली, पण पोहणं बंद, मुक्कामाच्या खोल्याही बंद. हे सगळं परत सुरू व्हायला 1966 उजाडलं. म्हणजे झाडाखालून चाल, पण माझ्या पाण्यात उतरू नको. चवदार तळं 1927 साली शेणगोमूत्रानं ‘शुद्ध’ करणाऱ्यांची जात आपल्याला ठाऊक आहे. समुद्रापलीकडं तिचे भाऊबंद होते.

आपली काही पोरं म्हणतील, आधी भाकरीचं बघा, डोंगर कसले चढता? अरे, मार्टिनला भाकरी होती. तो सावली मागत होता. महाडला तरी नुसती तहान होती का?

जंगल म्हटलं की काळ्या माणसाला झाडाला टांगलेलं प्रेत आठवतं, हेही फिनी मांडते. आपल्या लिखाणात रान येतं ते मोळी म्हणून, सरपण म्हणून, फॉरेस्टवाल्याच्या दंडुक्यासकट. खरंच येतं, यायलाच पाहिजे. पण काही काम नसताना, नुसता बघायला म्हणून टेकाडावर जाऊन बसलेला आपला माणूस मला त्यात फारसा भेटला नाही. कुणी लिहिला असेल तर संपादकांकडं पाठवा.