स्थानिक प्रेक्षक आणि शहरातील संग्रहालय : राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संदर्भात

संग्रहालयांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात संग्राहकाचे चरित्र, संग्रहाची व्याप्ती आणि वस्तूंचे कलामूल्य या तीन विषयांना प्राधान्य मिळालेले दिसते. संग्रहालयात येणारा प्रेक्षक या लेखनात फारसा आढळत नाही, आणि जो आढळतो तो बहुधा बाहेरगावचा, पर्यटक म्हणून आलेला असतो. ज्या शहरात संग्रहालय उभे आहे त्या शहराच्या रहिवाशाचा त्याच्याशी संबंध कोणत्या स्वरूपाचा असतो, हा प्रश्न त्यामुळे अस्पर्शित राहतो. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे उपयुक्त ठरावे. कारण हा संग्रह राजेरजवाड्यांच्या खजिन्यातून आलेला नसून प्रामुख्याने घरगुती वापराच्या वस्तूंचा आहे.

सामान्य पुणेकर हे संग्रहालय प्रथम पाहतो ते शाळेच्या सहलीत, आणि पुन्हा पाहतो ते परगावचे पाहुणे घरी आल्यानंतर. पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवावा, जमल्यास केळकर संग्रहालय, आणि परतीच्या वाटेवर तुळशीबागेत खरेदी करावी, हा क्रम अनेक घरांत ठरून गेलेला आहे. अशा भेटीत यजमान वस्तू पाहत नाही. तो वस्तू दाखवतो. कलादालनाच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात एखादे चित्रप्रदर्शन तीन-चार दिवस भरते आणि संपण्याआधी पाहिले पाहिजे म्हणून रसिक वेळ काढतो. संग्रहालय उद्याही तेथेच असणार, हा विश्वासच त्याच्या मुळावर येतो. स्थानिकांची ही उदासीनता केवळ सांस्कृतिक अनास्थेच्या खाती टाकून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिची काही कारणे खुद्द संग्रहालयाच्या मांडणीतही शोधावी लागतात.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणारे कवी. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवण्यास प्रारंभ केला आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने देशभर हिंडून हा संग्रह वाढवला. बालवयात निधन पावलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले. १९७५ मध्ये हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहातील वस्तूंची संख्या २०,००० च्या पुढे जाते. प्रत्यक्ष मांडलेल्या वस्तू सुमारे २,५०० आहेत. लामणदिवे, समया, अडकित्ते, वजऱ्या, दौती, गंजिफा, वाद्ये, कोरीव दरवाजे, स्वयंपाकाची भांडी आणि उपकरणे अशी ही संपदा आहे. एका कवीने समईच्या बैठकीकडे आणि सुपारी कातरण्याच्या साधनाकडे कलावस्तू म्हणून पाहावे, ही त्या काळाच्या मानाने असामान्य दृष्टी होती, यात शंका नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी आलँ दार्बेल यांच्यासह १९६६ मध्ये युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकवर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश सर्वांना खुला असला तरी कलावस्तू ‘वाचण्या’ची क्षमता शिक्षणातून आणि कौटुंबिक संस्कारातून येते, ती ज्यांच्यापाशी नाही ते दारातूनच परततात, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. आपल्याकडील संग्रहालयचर्चेत हा सिद्धान्त अनेकदा जसाच्या तसा लागू केला जातो. केळकर संग्रहालयात मात्र तो उलटा होतो. वजरी म्हणजे तळपाय घासण्याचे साधन. तिच्या मुठीवर मोर वा हत्ती का घडवला असेल याची मीमांसा कलेचा अभ्यासक करील. परंतु तिच्या तळाची खरखर किती असावी, ती न्हाणीघरात कोठे ठेवली जाई, बाळंतिणीच्या न्हाणीत तिचा उपयोग होई की नाही, हे सांगू शकेल ती एखादी वृद्ध स्त्री. मग तिचे शिक्षण चौथीपर्यंतच झालेले का असेना. शेवयांचे यंत्र, सोऱ्या, फणेरपेटी, कुंकवाचा करंडा यांच्यासमोर प्राध्यापक निरक्षर असतो आणि त्याची आजी साक्षर. येथे वाचनाची खरी क्षमता ज्या प्रेक्षकापाशी आहे त्याच्याकडे संग्रहालय केवळ बघ्या म्हणून पाहते, हा या संस्थेच्या रचनेतील मूलभूत अंतर्विरोध होय.

हा अंतर्विरोध मांडणीच्या पद्धतीतून निर्माण होतो. वस्तू प्रकारवार लावलेल्या आहेत : दिव्यांजवळ दिवे, अडकित्त्यांजवळ अडकित्ते. या पद्धतीचा लाभ मान्य केला पाहिजे. अनेक अडकित्ते एकाच कपाटात पाहिल्याखेरीज एकाच कामाच्या साधनात कारागिराने रूपांची किती विविधता साधली हे ध्यानात येत नाही. स्त्री-पुरुषांच्या जोडीचा अडकित्ता, पक्ष्याच्या आकाराचा अडकित्ता, यांचे वैभव तुलनेतूनच उमगते. परंतु रूप जिंकते तेथे वापर हरतो. अडकित्त्याचे नाते शेजारच्या अडकित्त्याशी नसते. ते पानदानाशी, चंचीशी, माजघरात वा ओसरीवर भरलेल्या बैठकीशी आणि सुपारी कोणी कोणास कातरून द्यावी या घरातील अधिकारक्रमाशी असते. पाटीवर वस्तूचे नाव, माध्यम, प्रदेश आणि शतक एवढा मजकूर देण्याचा सार्वत्रिक संग्रहालयीन प्रघात या नात्यांना जागाच ठेवत नाही. बाहेरून आलेल्या, तासाभरात संपूर्ण इमारत पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकास ही पाटी पुरते. ज्याच्या घराच्या माळ्यावर असाच एक अडकित्ता पडून आहे त्याला ती काहीच नवे सांगत नाही, आणि त्याच्याकडून काही विचारूनही घेत नाही.

‘दैनंदिन जीवनाचे संग्रहालय’ असा या संस्थेचा गौरव केला जातो. हे जीवन कोणाचे, असा प्रश्न येथे उपस्थित करावा लागतो. पितळ, तांबे आणि कोरीव लाकूड यांचे प्राबल्य असलेला संग्रह स्वाभाविकच सुस्थित घरांकडे झुकतो. मातीचे मडके फुटते, बांबूची टोपली कुजते, आणि कष्टकऱ्याच्या घरातले लोखंड झिजून पुन्हा भट्टीत जाते. जे टिकते तेच संग्राहकाच्या हाती लागते. हा दोष केळकरांचा नव्हे. टिकाऊपणा हीच एक सामाजिक गाळणी आहे, एवढे संग्रहालयाने आपल्या प्रेक्षकास सांगितले पाहिजे. शिवाय यातील बहुसंख्य उपकरणे स्त्रियांच्या हातची, आणि त्यांचे श्रम मात्र काचेआड कोठेच दिसत नाहीत. सुबक विळी पाहणाऱ्याला तिच्यापुढे रोज काही तास बसणाऱ्या बाईच्या गुडघ्यांची आठवण होत नसेल, तर मांडणी यशस्वी झाली असे म्हणता येईल काय?

संग्रहालयातील ‘मस्तानी महाल’ हे दालन या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या कोथरूड येथील महालाचे अवशेष आणून त्याची येथे पुनर्रचना करण्यात आली. पर्यटकासाठी ही एका प्रेमकथेची खूण. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटानंतर तर अधिकच. कोथरूडच्या रहिवाशासाठी मात्र हे दालन म्हणजे त्याच्याच उपनगराचा उखडून नेलेला तुकडा आहे. आज दाट वस्तीच्या आणि वाहनांच्या गर्दीच्या त्या परिसरात कधीकाळी असे काही होते, याचा पुरावा त्याला शुक्रवार पेठेत येऊन पाहावा लागतो. स्वतःच्या शहरातील संग्रहालय पाहण्याचा जो खास अनुभव असू शकतो, म्हणजे आपण रोज चालतो त्या जमिनीचा तळ दिसणे, तो येथे सहज शक्य होता. मूळ जागेचा नकाशा, आजच्या रस्त्यांच्या खुणांसह, एवढी साधी सामग्री त्यासाठी पुरेशी ठरेल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की हे एका व्यक्तीच्या ध्यासातून उभे राहिलेले संग्रहालय असून त्याची मांडणी हाच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे; तिला धक्का लावू नये. या आक्षेपात तथ्य आहे. तथापि संग्रहाचा सुमारे आठवा भागच प्रेक्षकांसमोर असतो, याचा अर्थ निवड आधीच झालेली आहे, आणि केलेली निवड बदलताही येते. पुन्हा पुन्हा येऊ शकणारा एकमेव प्रेक्षक म्हणजे स्थानिक. त्याच्यासाठी उरलेल्या वस्तूंतून पाळीपाळीने लहान प्रदर्शने भरवणे मूळ रचनेस बाधक ठरू नये. मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सध्याच्या वास्तूत सुरू झाले. जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हापासून तेथे समकालीन कलावंतांना जुन्या संग्रहाशी संवाद साधणारी प्रदर्शने करण्यास निमंत्रित केले गेले. एकोणिसाव्या शतकातील मातीच्या प्रतिकृतींची कपाटे जागच्या जागी राहिली आणि नेहमीच्या मुंबईकरास पुन्हा येण्याचे निमित्तही मिळाले. राणीच्या बागेत प्राणी पाहण्यास येणारी गर्दी त्यामुळे संग्रहालयाकडे वळलीच असेल, असे अर्थातच नव्हे.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या नव्या व्याख्येत समुदायांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे हा सहभाग म्हणजे शालेय चित्रकला स्पर्धा आणि जागतिक संग्रहालय दिनाची व्याख्याने असा अर्थ रूढ होत चालला आहे. केळकर संग्रहालयाच्या बाबतीत त्याचा अर्थ अधिक नेमका होऊ शकतो. पुणे आता केवळ पेठांचे शहर राहिलेले नाही. वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा, कोकण येथून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. पाटीवरच्या ‘विळी’ला वऱ्हाडातून आलेली स्त्री पावशी म्हणेल, मालवणकडची आडाळो म्हणेल, आणि प्रत्येकीच्या घरी तिची घडण, बैठक आणि वापराचे नियम निराळे असतील. हे ज्ञान कोणत्याही सूचिपत्रात नाही. ते ज्यांच्यापाशी आहे त्यांचे वय सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. शहरातील महाविद्यालयांचे मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र विभाग दरवर्षी विद्यार्थ्यांकडून प्रकल्प लिहून घेतात. त्यांतील बरेचसे ग्रंथालयातील चार पुस्तकांवर भागतात. त्याऐवजी विद्यार्थ्याने घरातील वा शेजारच्या वृद्ध व्यक्तीसह संग्रहालयात जावे, एकाच कपाटासमोर तासभर बसावे आणि जे ऐकू येईल ते वस्तूच्या नोंदक्रमांकासह लिहून घ्यावे. मात्र त्यासाठी कपाटासमोर आजीबाईंना बसता येईल अशी एक खुर्ची ठेवावी लागेल, आणि सूचिपत्रात वस्तूच्या नावापुढे माहिती देणाऱ्याच्या नावाचा एक रकाना वाढवावा लागेल.