वामनदादांचा एकटा आवाज

अकोल्याच्या एका शिक्षकमित्राने वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची जुनी फीत मला ऐकायला दिली. वऱ्हाडातल्या एका कार्यक्रमात कुणीतरी ती भरून घेतलेली. साथीला फक्त ढोलकी. मागे झीलकरी नाहीत. आवाज थकलेला आहे. तरीही ही फीत मला महत्त्वाची वाटते.

जलशात गीत जमावाचे होते. ध्रुपद लोक उचलतात, शब्द टाळ्यांत बुडतात. अमरावतीच्या आमच्या वस्तीत १४ एप्रिलला भोंग्यावर दादांची गाणी वाजत, ती प्रल्हाद शिंदे किंवा आणखी कुणाच्या आवाजात. कवी कोण, हे शेवटच्या कडव्यात 'वामन' आले तरच कळे. फितीत मात्र शब्दन् शब्द उघडा पडतो. भांडवलदारांची नावे घेऊन देशाच्या संपत्तीतला वाटा विचारणारे त्यांचे गीत घ्या. मेळाव्यात मी ते इतरांबरोबर मोठ्याने विचारत असे. इथे दादा एकटेच विचारतात, ध्रुपद कुणी उचलत नाही, आणि प्रश्न माझ्याकडे वळतो : तू पगारदार झालास, कापूस वेचणाऱ्या तुझ्या मावशीच्या वाट्याचे काय?

उणिवाही आहेत. काही गीतांत चालीसाठी शब्द भरले आहेत. काही नुसत्या जयजयकारावर संपतात. सर्वच गीतांना सारखे थोर म्हटले तर ती भक्ती होईल.

१९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला, १९४३ पासून लिहू लागला आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत गावोगाव गात राहिला. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांच्या गझलेवर प्रबंध झाले, ते योग्यच. गझल वामनदादांनीही लिहिली. तिच्याविषयी आपण किती लिहिले? मुक्तछंदातल्या विद्रोहाची आपल्या नियतकालिकांनी पानेच्या पाने चर्चा केली. गाणाऱ्याला मात्र प्रचारक म्हणून मांडवातच बसवून ठेवले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत आंबेडकरी विचार याच गाणाऱ्यांनी पोहोचवला, हे आपण जाणतो. जाणूनही लिहीत नाही, हा दोष आपला आहे.

विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. घराघरांत अशा फिती पडून आहेत; बुरशी लागण्याआधी त्या ऐका. शब्द, पाठभेद आणि गावाचे नाव लिहून ठेवा. माझ्याजवळच्या फितीतली गीते मी उतरवायला घेतली आहेत.